बाळ पहाटे तीनला, रक्ताची बाटली संध्याकाळी पाचला: धडगाव तालुक्यातलं एक बाळंतपण

एमबीबीएस झाल्यावर बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात, कागदोपत्री अक्राणी, एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं. केंद्राचं नाव लिहीत नाही, आणि ज्या बाईबद्दल लिहितेय तिची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. पण हे प्रकरण सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं कारण ती बाई वाचली, आणि वाचली म्हणूनच ती कुठल्याच आकड्यात नाही.

आधी आकडाच घेऊ. एसआरएस म्हणजे जन्म-मृत्यूची देशभरातली सरकारी नमुना पाहणी, तिच्या २०१८-२० च्या फेरीत महाराष्ट्राचा माता मृत्यू दर ३३ आहे, म्हणजे १ लाख जिवंत जन्मांमागे ३३ आयांचा मृत्यू. देशाचा ९७, आसामचा १९५, केरळचा १९. आपलाच २०११-१३ चा आकडा ६८ होता, म्हणजे सात-आठ वर्षांत तो निम्म्याच्याही खाली आला. ही घट खरी आहे आणि त्यामागे हजारो नर्सताई, आशाताई, ड्रायव्हर यांची मेहनत आहे, ती मला कमी लेखायची नाही. पण हा दर राज्याचा असतो. एसआरएस हा नमुना पाहणीचा आकडा आहे आणि नमुना एवढा मोठा नसतोच की त्यातून जिल्ह्याचा दर काढता येईल, तालुक्याचा तर विषयच सोडा. अक्राणीची लोकसंख्या साधारण दोन लाख, वर्षाला चारेक हजार जन्म धरा. त्यावर राज्याचा ३३ लावला तर वर्षाला एक-दीड मृत्यू येतो. म्हणजे एखाद्या वर्षी शून्य आला तर तालुका केरळच्याही पुढे आणि पुढच्या वर्षी आठ आले तर आसामपेक्षा मागे दिसणार. इतक्या छोट्या संख्येत दर काही बोलत नाही. तिथे एकेक केस उघडून बघावी लागते, म्हणून ही एक केस.

बाई २४ वर्षांची, पावरा समाजाची, तिसरं बाळंतपण. आधीची दोन्ही घरी झालेली, दोन्ही मुलं जिवंत, मोठं पाच वर्षांचं आणि धाकटं दोनचं. पाडा असा की डांबरी रस्ता संपला की पुढे सात किलोमीटर पायवाट आणि मध्ये एक नाला. सातपुड्यात घरं एकमेकांना लागून नसतात, एका टेकडीवर चार घरं मग दरी मग पुन्हा तीन घरं, गावाचं नाव एकच आणि पाडे दहा-बारा, त्यामुळे कागदावर उपकेंद्र 'गावातच' असतं आणि प्रत्यक्षात ते दोन तास लांब असतं.

तिची पाळी चुकली दिवाळीच्या सुमारास. त्याच आठवड्यात घरातून टोळी निघाली गुजरातला, बारडोलीकडे, ऊसतोडीला. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, म्हणजे न जाण्याचा प्रश्नच नव्हता. इथे आशाताई घरोघरी नोंद करायला गेली तेव्हा घराला कडी. तिकडे उसाच्या फडात तिला कोण विचारणार, ती तिथली नाही, तिथल्या आशाच्या यादीत तिचं नाव नाही. पहिले पाच महिने, ज्यात रक्त तपासायचं, गोळ्या सुरू करायच्या, ती मोळ्या वाहत होती. होळीला परत आली तेव्हा सहावा महिना लागलेला. तेव्हा पहिल्यांदा कार्ड निघालं.

हिमोग्लोबिन ७.१. सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, चाचणी पॉझिटिव्ह, पुढच्या तपासणीत कळलं की ती वाहक आहे, आजार नाही. म्हणजे रक्त कमी होतं ते मुख्यतः लोह कमी म्हणून. यावर उपाय ठरलेला, शिरेतून आयर्न सुक्रोज, एका वेळी २०० मिलीग्रॅम, दिवसाआड, असे पाच डोस. पुण्यात हे सांगायला काही वाटत नाही. इथे एका डोसासाठी सात किलोमीटर खाली उतरायचं, रस्त्यावर जीप मिळेपर्यंत थांबायचं, केंद्रात यायचं, परत जायचं, आणि दोन वर्षांचं मूल कडेवर. मे महिन्याचं ऊन. ती दोनदा आली. तिसऱ्या वेळी आली नाही आणि मी रजिस्टरमध्ये 'लाभार्थी आली नाही' असं लिहिलं. आज ते वाक्य मला खुपतं, कारण त्यात दोष तिचा दिसतो, आणि खरं तर आम्ही उपचारच असा निवडला होता जो तिच्या वाटेवर पूर्ण होणं शक्य नव्हतं. एकाच वेळी १००० मिलीग्रॅमपर्यंत देता येणारं औषध बाजारात आहे, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज. महाग आहे, पण पाच फेऱ्यांच्या जागी एक फेरी. रस्त्यालगतच्या बाईला पाच डोसवालं चालेल, डोंगरातल्या बाईला एक डोसवालं पाहिजे. दोघींना सारखंच औषध दिलं तर कागदावर समानता होते, दोघींच्या अंगात रक्त मात्र सारखं चढत नाही.

जूनच्या शेवटी सिस्टर आणि आशाताई दोघी तिच्या घरी जाऊन आल्या. माहेरघरात येऊन राहा म्हणाल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दुर्गम आदिवासी भागात आरोग्य केंद्राच्या आवारात माहेरघर असतं, तारखेच्या काही दिवस आधी गरोदर बाईने तिथे येऊन राहायचं म्हणजे कळा सुरू झाल्या की डोंगर उतरायची वेळ येत नाही. कल्पना फार चांगली आहे, मी स्वतः तिथून सुखरूप झालेली बाळंतपणं पाहिलीत. पण तिचा नवरा म्हणाला, पेरणी तोंडावर आहे. सासू म्हणाली, मी शेळ्या बघू की दोन पोरं बघू. आणि ती स्वतः काय म्हणाली? सिस्टरनं पावरीत विचारलं तेव्हा ती म्हणाली की धाकटा माझ्याशिवाय झोपत नाही. एवढंच. याला 'अज्ञान' म्हणायचं असेल तर म्हणा, मी नाही म्हणणार. माझ्या वहिनीला कुणी म्हटलं असतं की दहा दिवस घर सोड आणि दोन वर्षांचं पोर मागे ठेवून एका खोलीत येऊन राहा, तर तीही हेच म्हणाली असती, फक्त वहिनीला असं कुणी म्हणायची गरजच पडत नाही.

जुलैचा तिसरा आठवडा, तीन दिवस पाऊस. रात्री आठला कळा सुरू झाल्या. पाड्यावरची दाई आली. मुलगा झाला पहाटे तीनला, रडला, नाळ कापली. वार पडली नाही.

इथून पुढच्या वेळा मी नंतर सगळ्यांना विचारून वहीत लिहून काढल्या होत्या, त्या तशाच देते. तीन ते चार वाट बघण्यात गेले, दाईनं पोट चोळलं, तिच्या परीनं ती जे करते ते केलं. अंगावरून जायला लागलं होतं, आधी थोडं थोडं. चारला दीर आशाताईकडे पळाला, ती दुसऱ्या पाड्यावर. नेटवर्क घराजवळ नाही, टेकडीवर एका मोहाच्या झाडाखाली उभं राहिलं तर कधी कधी मिळतं, तिथून पाच वाजून दहा मिनिटांनी मला फोन लागला. मी म्हटलं गाडी रस्त्याच्या टोकाला पाठवते, तिला खाली आणा. साडेपाचला झोळी बांधली. झोळी म्हणजे लांब बांबूला घोंगडी नाहीतर लुगडं बांधायचं, आत बाईला ठेवायचं आणि पुढे-मागे दोघं दोघं खांदा देतात, बातम्यांमध्ये त्याला बांबूलन्स म्हणतात, मला तो शब्द आवडत नाही. सहा माणसं होती, आळीपाळीने. नाल्याला छातीएवढं पाणी, तिथे पाऊण तास थांबले. रस्त्याला लागले नऊ वाजून दहा मिनिटांनी. केंद्रात पोचली तेव्हा दहाला पाच कमी.

नाडी १३०, रक्तदाब वरचा ७०, डोळ्यांच्या पापण्या आतून कागदासारख्या. घोंगडी जड झाली होती भिजून, पाऊस किती आणि रक्त किती सांगता येत नव्हतं. दोन्ही हातांना सलाईन लावलं, गर्भपिशवी आकसावी म्हणून ऑक्सिटोसिन सुरू केलं, रक्त थांबायला ट्रानेक्झामिक दिलं. लाइट रात्रीपासून गेलेली, इन्व्हर्टर संपत आलेला, सिस्टरनं मोबाईलचा टॉर्च धरला आणि मी हाताने वार काढली. हे मी त्याआधी इंटर्नशिपमध्ये एकदाच केलं होतं, तेही बाजूला सिनियर मॅडम उभ्या असताना. वार आली पण पिशवी आकसेना, हाताला कणीक लागावी तशी मऊ. पिशवी आकसायचंच दुसरं औषध, मिसोप्रोस्टॉल, दिलं. शेवटी कंडोम कॅथेटरला दोऱ्यानं बांधून पिशवीत सरकवला आणि सलाईनच्या पाण्यानं फुगवला, त्या दाबानं रक्त बरंच कमी झालं. हा जुगाड वाटेल वाचणाऱ्याला, तसं नाहीये, ही शिकवलेली आणि मान्य असलेली पद्धत आहे, आणि जिथे रक्तपेढी जवळ नाही तिथे ती बाईचे काही तास वाढवते.

ऑक्सिटोसिनबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. हे औषध २ ते ८ अंशात ठेवावं लागतं. वीज जिथे सलग असते तिथे हा मुद्दा कुणाच्या डोक्यातही येत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट नसायची, लसींच्या फ्रीजकडे सगळ्यांचं लक्ष असायचं, पण हे इंजेक्शन बऱ्याचदा लेबर रूमच्या ट्रेमध्येच. त्या दिवशी पिशवी आकसली नाही ती बाई आधीच थकलेली आणि रक्त कमी म्हणून, की औषधाचा जोर उतरला होता म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही. त्यानंतर मात्र आम्ही एकही अँप्युल ट्रेमध्ये ठेवली नाही.

रक्त पाहिजेच होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त नसतं, निकषातच नाही. जवळच्या ठिकाणी फोन केला, तिच्या ग्रुपचं मिळणार नव्हतं. म्हणजे नंदुरबार. सव्वाअकराला निघालो, मी गाडीत तिच्याबरोबर, कारण वाटेत पिशवीवर हात ठेवून बसायला कुणीतरी हवं होतं. दुसरे डॉक्टर रजेवर, म्हणजे त्या दिवशी मागे केंद्रात डॉक्टर नाही. एक बाई वाचवायला निघालं की बाकीचा सगळा परिसर उघडा पडतो, हे शहरातल्या दवाखान्यात कळतच नाही. चांदसैली घाटात दरड आलेली. याच घाटात २०२१ मध्ये रस्ता बंद होता म्हणून एका माणसाने आजारी बायकोला खांद्यावर घेऊन चालायला सुरुवात केली होती आणि ती वाटेतच गेली, ती बातमी राज्यभर झाली होती. आम्हाला जेसीबी येऊन एक गाडी जाईल एवढी वाट मोकळी करेपर्यंत दीड तास लागला. तो दीड तास मी तिच्या पोटावर मूठ दाबून होते, हाताला मुंग्या आल्या की सासरे हात लावायचे, मी दाखवलं तसं, एक शब्द न बोलता. जिल्ह्याच्या ठिकाणी चार वाजून वीस मिनिटांनी पोचलो. हिमोग्लोबिन ३.८. पहिली बाटली लागली पाच वाजता.

तीन ते पाच, चौदा तास. प्रसूतीनंतरच्या जोरदार रक्तस्रावात उपचार नाही मिळाला तर बाई दोन तासांतही जाऊ शकते, हे आम्हाला थर्ड इयरला शिकवतात. ती वाचली कारण रक्त हळूहळू गेलं. त्यात आमचं कौतुक फार नाही.

त्याच वर्षी माझ्या वहिनीची पुण्यात डिलिव्हरी झाली. तिलाही नंतर रक्तस्राव झाला. भूलतज्ज्ञ आवारात, रक्तपेढी जवळच, अर्ध्या तासात दोन बाटल्या लागल्या, तिसऱ्या दिवशी घरी. तिच्या फाइलमध्ये याची एक ओळ आहे. आजार तोच, पिशवी तशीच सैल पडलेली, पण वहिनीला रक्तस्राव झाला होता हे घरातल्या अर्ध्या लोकांना आजही माहीत नाही आणि इकडे सहा माणसं, एक आशा, एक सिस्टर, ड्रायव्हर, मी, जेसीबीवाला एवढे सगळे लागून जेमतेम जमलं.

महिन्याच्या मीटिंगला ही केस निघाली. रक्तस्रावाबद्दल कुणी विचारलं नाही. प्रश्न एकच होता, घरी प्रसूती का झाली. आशाताईला उभं करून विचारलं गेलं, शेरा पडला 'समुपदेशन कमी पडले'. जी बाई पहाटे पावसात मोहाच्या झाडाखाली उभी राहून फोन लावत होती तिला. मी तेव्हा बोलले, पण पुरेसं बोलले नाही असं मला वाटतं. पुढच्या मीटिंगला आम्ही वहीतल्या वेळांचा तक्ता करून नेला आणि म्हटलं की हे बघा, चौदा तासांतला घरी गेलेला तास एक, बाकी तेरा तास नेटवर्क, वाट, नाला, घाट आणि रक्त. समुपदेशन पहिल्या तासापुरतं चालेल, पुढच्या तेरा तासांचं काय?

माता आरोग्यात तीन उशीर शिकवतात, जायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. आपल्याकडे सगळा भर पहिल्यावर, कारण तो बाईच्या आणि आशाच्या माथी मारता येतो. दुसऱ्याला बांधकाम खातं लागतं, तिसऱ्याला भूलतज्ज्ञ आणि रक्तसाठा लागतो, ते मीटिंगमध्ये कुणाला उभं करून विचारणार?

आणि निकषांचं म्हणाल तर ते लोकसंख्येवर आहेत. सपाट भागात ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी-आदिवासी भागात २० हजारांमागे एक. सवलत दिलीय, मान्य. पण २० हजार लोक सपाटीवर चार-पाच मोठ्या गावांत मावतात आणि सातपुड्यात ते शंभर पाड्यांवर पसरलेले असतात. माझं म्हणणं एवढंच आहे की बाळंतपणाच्या सेवेत माणसं मोजून भागत नाही, तास मोजावे लागतात. कुठल्याही पाड्यावरून जुलै महिन्यात, पाऊस चालू असताना, रक्ताच्या बाटलीपर्यंत किती तास, हा एकच आकडा प्रत्येक तालुक्याने काढून भिंतीवर लावावा. मे महिन्यातला नाही, जुलैचाच. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातली प्रसूती, सिझर, औषध, रक्त, ने-आण सगळं मोफत आहे, जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये आहेत, दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणी आहे, गरोदर बायकांसाठी अंगणवाडीत अमृत आहाराचं जेवण आहे. योजनांची कमतरता नाही. पण मोफत गाडी रस्ता संपतो तिथेच थांबते, आणि अमृत आहाराचं ताट अंगणवाडीत असतं, अंगणवाडी तिच्या टेकडीच्या पलीकडे.

त्या तक्त्याचं काय झालं? थोडं झालं. दूरच्या पाड्यांवरच्या, रक्त कमी असलेल्या बायकांसाठी एका डोसवालं इंजेक्शन मागवलं, मोजकं मिळालं. ज्या पाड्यांवरून पावसाळ्यात उतरणं अवघड तिथे सिस्टरजवळ मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या ठेवायच्या, घरीच प्रसूती झाली तर बाळ झाल्या झाल्या द्यायच्या, हे सरकारच्या सूचनांमध्ये आधीपासून बसतंच, पण गोळी दिली की आपण घरच्या प्रसूतीला मान्यता दिली असं होईल या भीतीने कुणी करत नव्हतं. ते सुरू झालं. माहेरघरात आम्ही मोठ्या मुलांनाही राहू द्यायला लागलो, एक झोळी-पाळणा टांगला आणि डाळ-तांदूळ जास्तीचा आणायचो, त्या पावसाळ्याच्या उरलेल्या दिवसांत आधीपेक्षा जास्त बायका आल्या. रस्ता झाला नाही, आणि रक्तासाठी अजूनही घाट उतरावा लागत होता मी निघाले तोपर्यंत.

ती नवव्या दिवशी घरी गेली. बाळ इतके दिवस पाड्यावरच होतं, २ किलो १०० ग्रॅमचं, शेजारच्या एका बाळंतिणीनं त्याला पाजलं, नाहीतर दोन जीव गेले असते. सरकारी भाषेत या केसला, म्हणजे मरता मरता वाचलेल्या बाईला, 'नियर मिस' म्हणतात. २०१४ पासून अशा केसेसचा आढावा घ्यायच्या सूचना आहेत, पण तो मुख्यतः मेडिकल कॉलेजांच्या पातळीवर. प्राथमिक केंद्राच्या पातळीवर ही केस माझ्या वहीतच राहिली. आणि बारडोलीच्या फडात काही झालं असतं तर तीही नोंद इकडची झाली नसती.

दिवाळीनंतर टोळी निघायच्या आदल्या दिवशी ती केंद्रात आली, स्वतःहून, बाळाला पाठीला बांधून. हिमोग्लोबिन ९.४. तांबी बसवून घेतली, लोहाच्या दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. सिस्टरनं कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला गुजराती येणाऱ्या ड्रायव्हर दादांकडून चार ओळी लिहून घेतल्या, काय झालं होतं, रक्ताचा ग्रुप कोणता, वाहक आहे, आमचा फोन नंबर. तिनं ते कार्ड रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत घातलं, पिशवीला दोन गाठी मारल्या आणि ती पोटाशी खोचली.